तेरा ठिपके

समृद्धीने पासवर्ड टाकला, एंटर दाबलं आणि पडद्यावरचा करडा चौकोन गेला. ती खुर्चीत जरा सैलावते न सैलावते तोच चौकोन परत आला. निरोप घेऊन जिना उतरलेला पाहुणा दुसऱ्याची चप्पल घातल्याचं लक्षात आल्यावर पुन्हा दारात उभा राहावा, तसा. चेहरा तोच, शब्दही तेच: प्रॉक्सी सर्व्हरला तुमचं नाव आणि पासवर्ड हवा आहे.

"आताच दिला की," समृद्धी पुटपुटली.

"काय झाला गो?" मागून ठमाआत्याने विचारलं.

समृद्धी दचकली. (यात विशेष काही नव्हतं. समृद्धी कुकरच्या शिट्टीला दचकते, लिफ्टमधल्या 'कृपया दरवाजा बंद करा'ला दचकते, आणि एकदा तर स्वतःच्याच फोनच्या रिंगला दचकून तिने फोन उशीखाली दाबला होता.)

"काही नाही, आत्या. परत टाकते."

परत टाकला. चौकोन गेला, चौकोन आला.

घड्याळात सव्वादहा झाले होते. अकराच्या आत हजेरी लावायची होती, आणि हजेरीचं पान होतं या चौकोनाच्या पलीकडे.

आता हे सगळं नीट सांगायला हवं. रोडपालीला कंटेनरची कागदपत्रं करून देणारं एक ऑफिस आहे. तिथे समृद्धीला नोकरी लागली, तीही चौऱ्याऐंशी जणांतून. पण नेमकं त्याच महिन्यात ऑफिसची फरशी उखडायला घेतली आणि सगळ्यांना सांगण्यात आलं, की महिनाभर घरून काम करा. मॅनेजर हेतल मॅडमनी फोनवर स्पष्ट केलं होतं, "रोज अकराच्या आत हजेरी. पहिल्या दिवशी चुकली, तर मी यादीतल्या पुढच्या मुलीला फोन लावणार. मला रडारड जमत नाही." शनिवारी ऑफिसचा टेम्पो येऊन एक कॉम्प्युटर टाकून गेला. त्यावर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं.

मुलाखतीत मॅडमनी विचारलंच होतं, "लिनक्स येतं?" प्रश्न अचानक आल्याने समृद्धी दचकली होती, आणि दचकली की तिच्या तोंडून 'हो' जातं. तसं ते अगदीच खोटंही नव्हतं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला एक पूर्ण सत्र लिनक्स होतं, आणि त्यात तिला एकसष्ट मार्क होते. पण एकसष्ट मार्कांचं लिनक्स तीन वर्षांनी किती उरतं, हे ज्याचं त्याला माहीत.

तिच्या वडिलांना, काशिराम म्हात्रेंना, मात्र शंका नव्हती. बंदरात तीस वर्षं क्रेन चालवून ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि सगळा मोकळा वेळ आता लेकीच्या अभिमानात घालवत होते. सुकापूरच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये पाचही मजल्यांवर बातमी पोचली होती. "विंडोज काय, कोणीपण करतं," ते लिफ्टची वाट बघणाऱ्यांना सांगत. "आमच्या समूचं लिंकस आहे." ऐकणारा अदबीने मान हलवायचा. कोणालाच काही कळत नव्हतं आणि त्यामुळे मान वाढतच होता.

कॉम्प्युटर त्यांनी हॉलमध्ये मांडला होता, तोही पडदा दाराकडे करून, म्हणजे कुरिअरवाल्यालाही दिसावा. सकाळी आईने अंगणवाडीत कामाला जाण्याआधी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं आणि वर झेंडूचं एक फूल ठेवलं होतं. ते अधूनमधून घरंगळून कीबोर्डवर पडत होतं. (समृद्धी प्रत्येक वेळी दचकत होती.) आणि हा सोहळा बघायला उरणकडच्या गावाहून ठमाआत्या मुद्दाम मुक्कामाला आली होती. घरात बसून नोकरी कशी करतात, हे तिला बघायचं होतं. खुर्ची ओढून ती समृद्धीच्या मागे बसली होती, वांगी निवडत.

"मशीन काय बोलतं?" आत्याने विचारलं.

"नाव आणि पासवर्ड मागतंय. प्रॉक्सी आहे ना, ती."

"परोक्शी कोन?"

काशिराम पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "प्रॉक्सी म्हणजे आमच्यात एक शिफ्टला यायचा नाही, आणि त्याच्या नावाने दुसरा 'हजर' म्हणायचा. तू कॉलेजात असलं काही करत होतीस, समू?"

"नाही हो, बाबा. ही वेगळी प्रॉक्सी. हा सर्व्हर आहे. आपल्याला इंटरनेटवर जायचं तर आधी त्याच्याकडे जायचं. तो ओळख विचारणार, पटली तर पुढे सोडणार."

"वाचमन," आत्या म्हणाली.

समृद्धीने विचार केला. तीन वर्षांत कुठल्या प्राध्यापकाला इतकं सोपं सांगता आलं नव्हतं. "हो. वॉचमनच."

"मंग त्याचा काय खरा नाय. तुमचा खालचा जगन बग. काल मना तीन येला नाव इचारला. भाजी आनाला खाली गेलू, वर आलू, परत नाव इचारतं. मी बोल्लू, आरं दादा, मी मंगाशी तुज्या म्होरनच गेलू." आत्याने एक किडकं वांगं बाजूला काढलं. "त्याला जरा जोरान सांग."

समृद्धीने एका बोटाने, एकेक अक्षर जोरात दाबत पासवर्ड टाकला. पासवर्ड ऑफिसच्या कागदावर छापलेला होता आणि सगळ्या ऑफिसला तोच होता: इंग्रजीत पनवेल, पहिलं अक्षर कॅपिटल, मग ऍटची खूण, मग पनवेलचा पिनकोड. एकूण तेरा अक्षरं. (खाली 'हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा' अशी सूचना होती. झेरॉक्सची झेरॉक्स काढून तो कागद इतका फिका पडला होता, की ती सूचना आजवर कोणी मनावर घेतली असेल असं वाटत नव्हतं.) नावाचा प्रश्नच नव्हता. कागदावर फक्त 'आडनाव, टिंब, नावाचं आद्याक्षर' एवढा नियम होता आणि चौकोनात 'म्हात्रे डॉट एस' हे आधीच भरून आलेलं होतं. मशीनने आपल्याला नावानिशी ओळखलं, याचं समृद्धीला शनिवारी फार बरं वाटलं होतं.

चौकोन गेला, चौकोन आला.

तिने कॅप्स लॉक बघितलं, दिवा लागलेला नव्हता. पडद्यावरचे ठिपके मोजले. तेरा. कागदावरची अक्षरं मोजली. तेरा. तेरा ठिपके बरोबर आणि तरी पासवर्ड चूक.

"बंद करून चालू कर," काशिराम म्हणाले. "आमची क्रेन अडली की तेच करायचो."

"आणि बंद केल्यावर चालूच नाही झाला तर?"

क्रेनच्या बाबतीत असा विचार काशिरामांनी तीस वर्षांत केला नव्हता.

मग हेल्पडेस्क. कागदाच्या तळाला परेश नावाच्या माणसाचा नंबर होता. समृद्धीने फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. बासरी वाजली. मग एक गोड आवाज आला: "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आपण रांगेत चौथ्या क्रमांकावर आहात."

"नमस्कार," काशिराम फोनकडे वाकून म्हणाले. "मी समृद्धीचे वडील बोलतोय."

"बाबा, ते रेकॉर्डिंग आहे."

"असू दे. महत्त्वाचा आहे म्हणाली ना."

बासरी चालू राहिली. दहा पंचवीस. समृद्धीने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शिरून प्रॉक्सीची जागा शोधून काढली. तिथे चार पर्याय होते. तिने धीर करून 'प्रॉक्सी नको'वर टिचकी मारली. चौकोन खरोखरच आला नाही. पण त्यासोबत इंटरनेटही आलं नाही. नुसतं पांढरं पान.

"वाचमनला काडून टाकला?" आत्याने विचारलं.

"हो. पण आता गेटच उघडत नाही."

"मंग आना त्याला परत."

आणला परत. त्याच्यासोबत चौकोनही आला.

मग तिने लिनक्समधली ती काळी खिडकी उघडली, जिच्यात खरी माणसं आज्ञा लिहितात आणि मशीन ऐकतं. एकसष्ट मार्क तिथेच मिळाले होते. काळ्या पडद्यावर एक पांढरी काडी लुकलुकत होती. समृद्धीने काडीकडे बघितलं. काडी लुकलुकली. इथे काही चुकीचं लिहिलं आणि ऑफिसचं सगळं पुसलं गेलं तर? रोडपालीची उखडलेली फरशीसुद्धा आपल्याच नावावर येईल. तिने अलगद खिडकी बंद केली.

"काय लिहिलंस?" काशिरामांनी कौतुकाने विचारलं.

"नुसतं चेक केलं."

एवढ्यात काशिरामांचा फोन टिंग टिंग वाजू लागला. समृद्धी प्रत्येक टिंगला वेगळी दचकली. सकाळी त्यांनी 'म्हात्रे परिवार' या ग्रुपवर लेकीचा कॉम्प्युटरसकट फोटो टाकला होता. ग्रुपमध्ये एकशे बारा जण होते आणि आता सगळे उठले होते.

"चुलतकाका म्हणतात, अभिमान आहे," काशिराम वाचून दाखवू लागले. "पेणची मामी म्हणते, लिनक्स म्हणजे नेव्हीत का? बेलपाड्याचा भाऊ म्हणतो..."

"बाबा, प्लीज. अजून हजेरीच लागली नाहीये."

आपण काय बोलून गेलो हे समृद्धीला बोलल्यावर कळलं. काशिरामांनी फोन मांडीवर उलटा ठेवला. आत्याने वांगी निवडायचं थांबवलं.

"लागली नाय म्हंजे?"

मग समृद्धीने सगळं सांगून टाकलं. अकरा वाजेपर्यंत हे सुटलं नाही तर मॅडम यादीतल्या दुसऱ्या मुलीला फोन लावतील. आणि दुसऱ्या मुलीला लिनक्स खरंच येत असेल.

"तुला येतं ना?" काशिरामांनी हळूच विचारलं.

"येतं," समृद्धी म्हणाली. या वेळी ती दचकलेली नव्हती, त्यामुळे तिला उत्तर द्यायला वेळ लागला. "थोडं."

काशिराम उठले, मोबाइल खिशात टाकला, झेंडूचं घरंगळलेलं फूल उचलून पुन्हा नीट वर ठेवलं आणि लेकीच्या शेजारी स्टूल ओढून बसले. "थोडं पुरे. क्रेन मला पहिल्या दिवशी थोडीच येत होती. चल, दोघं मिळून बघू."

"तिघा," आत्या म्हणाली, आणि वांग्यांची परात घेऊन पुढे सरकली.

दहा एक्केचाळीस. फोनमधली बाई म्हणाली, "आपण रांगेत पाचव्या क्रमांकावर आहात."

"मघाशी चौथ्या होतो," काशिराम म्हणाले.

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," बाई म्हणाली.

तेवढ्यात समृद्धीच्या नजरेस आणखी एक गोष्ट पडली. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात इवल्याशा अक्षरांत 'एमआर' लिहिलेलं होतं. तिच्या डोक्यात चक्क उजेड पडला. "बाबा, हे बघा. एमआर. मिस्टर. यांनी मला पुरुष म्हणून नोंदवलंय. मिस्टर म्हात्रे एस. म्हणूनच माझा पासवर्ड घेत नाहीये."

काशिराम चष्मा कपाळावर घेऊन वाकले. "असं कसं करतात? फोटो जोडला होता ना अर्जाला?"

"पोरीचे जातीला मिश्टर केला," आत्याने मान हलवली.

तिघांनी त्या अन्यायावर चार अमूल्य मिनिटं घालवली. समृद्धीने हेतल मॅडमना लिहायच्या सभ्य तक्रारीचं पहिलं वाक्यही मनात जुळवलं. बासरी वाजत होती. मग आत्याने परातीतून मान वर करून विचारलं, "तू लिवतं ता दिसत कसा नाय? नुसतं ठिपकं."

"पासवर्ड दिसत नाही, आत्या. कोणी बघू नये म्हणून."

"पन तुना तरी दिसाला पायजे ना. आंदलेपनान लिवतं आन् बोलतं बरोबर हाय. उगडा लिव एक डाव. मी बगतं." आत्या पन्नाशीनंतर रात्रशाळेत जाऊन वाचायला शिकली होती, आणि तेव्हापासून तिचा न वाचलेल्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास नव्हता.

समृद्धी थांबली. उघडं लिहायला एक जागा होती. सकाळी आत्याने विचारलं होतं, "माजा नाव येल काय गो यान?" तेव्हा समृद्धीने मशीनमध्ये मराठी अक्षरं चालू केली होती, पाव तास शोधून अवतरणचिन्हाच्या बटणाखाली लपलेला 'ठ' हुडकला होता आणि कोऱ्या पानावर वीतभर मोठ्या अक्षरांत 'ठमाबाई' उमटवलं होतं. आत्याने पडद्याला हात लावून बघितला होता. ते पान अजून मागे उघडंच होतं. समृद्धीने ते पुढे आणलं आणि 'ठमाबाई'च्या खाली, कागदाकडे बघत, इंग्रजी बटणं एकेक करून दाबली. कॅपिटल पी. ए. एन. व्ही. ई. एल.

पडद्याकडे तिचं लक्ष नव्हतं, आत्याचं होतं. आत्याने बोट लावून मोठ्याने वाचलं.

"झो... ल... ना... त. झोलनात."

"काय?"

"झोलनात. हा लिवलंस तू."

समृद्धीने मान वर केली. वीतभर अक्षरांत, कुंकवाच्या बोटाशेजारी, 'झोलनात' लिहिलेलं होतं.

"हे कुठलं गाव?" काशिरामांनी विचारलं.

"पनवेल," समृद्धी क्षीण आवाजात म्हणाली. "बाबा, हे पनवेल आहे. मी सकाळी मराठी चालू केलं ते बंदच केलं नाही. पी दाबलं की झ येतोय. मी अर्धा तास त्या सर्व्हरला झोलनात, झोलनात सांगतेय." आणि वरच्या कोपऱ्याकडे बघत तिने कबूल केलं, "एमआर म्हणजे मिस्टर नाही. मराठी."

"मशीन मगासधरना सांगतं हाय, झोल हाय, झोल हाय," आत्या म्हणाली. "आयकतं कोन."

दहा त्रेपन्न. समृद्धीने दोन बटणं एकत्र दाबली, कोपऱ्यातलं 'एमआर' जाऊन 'ईएन' आलं. करडा चौकोन पुढे घेतला. कॅपिटल पी, ए, एन, व्ही, ई, एल, ऍट, पिनकोड. तेरा ठिपके. एंटर.

चौकोन गेला.

तिघं पडद्याकडे वाकले. चौकोन परत आला नाही. त्याच्या जागी हळूहळू एक निळं पान उलगडलं: 'सुप्रभात, एस. म्हात्रे.' खाली एकच मोठं बटण होतं, हजेरीचं. समृद्धीने ते दाबलं. हिरवी खूण उमटली, वेळ उमटली: दहा अठ्ठावन्न.

आत्याने समृद्धीच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. काशिराम बाल्कनीत गेले, नाक शिंकरलं, परत आले आणि ग्रुपवर व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करू लागले. "सर्वांना कळवण्यात येते, की मशीनमध्ये मोठा बिघाड झाला होता. ऑफिसचा माणूस फोन उचलत नव्हता. आमच्या समूने तो एकटीने... समू, काय होतं ते?"

"प्रॉक्सी ऑथेंटिकेशन," समृद्धी म्हणाली. आपला आवाज इतका भरदार येऊ शकतो, हे तिला आजच कळत होतं. "कीबोर्ड लेआउट मिसमॅच होता. बाकी सिस्टिम ओके आहे."

"बाकी शिष्टिम ओके हाय," आत्याने मेसेजमध्ये घुसून सांगितलं.

समृद्धी खुर्चीत मागे रेलली. चौऱ्याऐंशी जणांतून आपली निवड झाली ती उगाच नाही, असा विचार आज पहिल्यांदा तिच्या मनात आला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिला. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. समृद्धी दचकली नाही. लिनक्स काय, शेवटी शांत डोक्याने एकेक गोष्ट तपासत जायचं असतं. (मिस्टर म्हात्रेंचं प्रकरण तिने विसरूनही टाकलं होतं.) यादीतल्या दुसऱ्या मुलीबद्दल तिला थोडी दयासुद्धा वाटली.

बासरी थांबली.

खरं तर आता फोन ठेवून द्यायचा होता, काम झालं होतं. पण पाऊण तास रांगेत उभं राहून, स्वतःचं काम स्वतः करून, गुपचूप निघून जायचं हे तिच्या नव्या स्वभावात बसेना. हेल्पडेस्कलाही कळायला हवं होतं. काशिरामांनी मेसेज अर्धवट सोडून आवाज वाढवला. आत्याने परात बाजूला ठेवली.

"हेल्पडेस्क, परेश बोलतोय," पलीकडून एक दमलेला आवाज आला.

"नमस्कार," समृद्धी ताठ बसून म्हणाली. "एस. म्हात्रे बोलतेय. प्रॉक्सी पासवर्ड घेत नव्हती, पण माझं मीच सॉल्व्ह केलंय. तुम्हाला काही करायची गरज नाही. फक्त माझी हजेरी तुमच्याकडे दिसतेय का, तेवढं बघा."

पलीकडे बटणं वाजली.

"दिसतेय ना. दहा अठ्ठावन्न." परेश जरा हसला. "काय हो सुलभाताई, सर्दी झालीय का, आवाज ओळखू आला नाही. नोकरीत होतात तेव्हा सव्वीस वर्षांत कधी बाराच्या आत आला नाहीत, आणि आता रिटायर होऊन महिना झाल्यावर वेळेवर हजेरी? तुमचं नाव काढायचं माझ्याकडूनच राहिलं. पण बरं झालं, थोडं त्या नव्या मुलीलाही शिकवा. तुमच्या जागी घेतलीय, तीही म्हात्रेच, तुमचंच मशीन दिलंय, आणि अकरा वाजून गेले तरी पहिल्याच दिवशी गैरहजर."